पट्टा पडला

तेलगावच्या चौकात एसटीतून उतरलं की हिवाळ्यात आधी मळीचा वास गाठतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी उतरले तर वास नव्हता. सुंदरनगरच्या कारखान्याचं धुराडं थंड झालं होतं. आमच्या भागात ऋतू बदलल्याची ही खूण कोकिळेपेक्षा खात्रीची.

या चौकाला चार रस्ते फुटतात. एक बीडला, एक परळीला, एक माजलगावला आणि एक घाट चढून धारूर-केजकडं. त्या घाटाच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. त्यात पत्र्याच्या पेट्या, हंडे, गोधड्या, कोपीचे बांबू, गुंडाळलेली ताडपत्री, एक शेळी, एक सायकल आणि या सगळ्याच्या वर माणसं. बायांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतलेले. ट्रॅक्टर रसवंतीपाशी थांबला आणि पोरं खाली उतरली, पण रस कुणी मागितला नाही. सहा महिने ऊस पाहून आलेलं लेकरू रसवंतीकडं बघतसुद्धा नाही. त्यांना बर्फाचा गोळा हवा होता.

रसवंतीवाल्यानं विचारलं, "पट्टा पडला का?"

"पडला की परवा."

"बाकी?"

ट्रॉलीवरचा माणूस नुसता हसला. "हाय थोडी."

एवढ्या चार वाक्यांत आमच्याकडचं घरी परतणं पुरं होतं. कारखान्याचं गाळप संपलं की पट्टा पडला म्हणायचं, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल कामातून फिटली नाही तर उरते ती बाकी. अलीकडं दिल्लीकडून 'घरवापसी' नावाचा शब्द आला, राजकारणानं वापरून वापरून बोथट केला. आमच्या वस्तीवर तो कुणी उच्चारत नाही. तिथं माणूस परत आला म्हणजे पट्टा पडला.

माझ्या आईवडिलांचा कोयता होता. कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे जोडीही; नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर माणसं अशीच मोजतात. "तुमच्या वस्तीवरून कोयते किती गेले औंदा?" या प्रश्नात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला बऱ्याच वर्षांनी, शहरात राहायला गेल्यावर वाटलं.

गंमत अशी की कारखाना आमच्या उशाला आहे. लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना तेलगावलाच. सोळंके १९७८ साली शरद पवारांच्या पहिल्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री होते. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, खालच्या अंगाला पाणी फिरलं, ऊस आला. पण बालाघाटाच्या डोंगरावरची जिरायत कोरडीच राहिली. ज्याच्याकडं पाणी त्याच्याकडं ऊस, ज्याच्याकडं माळ त्याच्याकडं कोयता. आणि तो कोयता घेऊन माणसं याच कारखान्यापुढून सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटकाकडं जातात, कारण तिकडची उचल मोठी आणि हंगाम लांब.

कॅलेंडरही आमच्याशी थोडी थट्टा करतं. उत्तरेकडं दिवाळी म्हणजे राम अयोध्येला परत आला तो दिवस. आमच्याकडं त्याच सुमाराला गावं रिकामी होतात. दसऱ्याला सावरगाव घाट इथं संत भगवानबाबांच्या भक्तांचा मेळावा भरतो, तो आटोपला की तिथून परतलेली माणसं पेट्या बांधायला लागतात. सीमोल्लंघन म्हणून आपट्याची पानं वाटतात ना, ते आमच्यासाठी शब्दशः असतं. जिल्ह्याची शीव, पुष्कळदा राज्याचीही. रामाच्या परतण्याची दुसरी आठवण, गुढी, ती मात्र जमते. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडतो. पण पाडव्यालाच मराठवाड्यात सालगड्याचं नवं साल ठरतं. गुढी उभारायची आणि त्याच दिवशी कुणाच्या वाड्यावर राबायचं तेही ठरवायचं.

माणूस परत आल्यावर काय होतं, ते आमच्या दारात पाहिलेलं सांगते.

ट्रॅक्टर रात्री यायचा. आजी अंधारातच दारात उभी. उंबऱ्याच्या आत पाय टाकू द्यायची नाही. आधी भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकायचा, मग तांब्यानं पायांवर पाणी. वडलांच्या पायांवर पाणी घालताना तिचा हात एका ठिकाणी थांबायचा. नडगीवर कोयता लागल्याची जुनी खूण होती तिथं. मग ती नवीन खुणा शोधायची. मायच्या पोटऱ्या, तळहात, मनगटं. उसाच्या पाचटानं चिरलेली कातडी कंदिलाच्या उजेडातही दिसते. कधी घाव लागला, कुणी पट्टी बांधली, खाडा किती दिवस पडला, ही सगळी चौकशी दारातच व्हायची. मी आजीच्या मागं लपलेली असायचे. चार वर्षांची असताना मायला ओळखलं नव्हतं, असं म्हणतात. मला आठवत नाही. माय ते कधीच विसरली नाही.

पुढं कॉलेजात असताना ग्रीकांच्या ओडिसियसची गोष्ट वाचली. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात तो घरी येतो, बायकोसुद्धा ओळखत नाही. म्हातारी दाई त्याचे पाय धुते आणि मांडीवरची रानडुकराच्या सुळ्याची खूण हाताला लागताच ओळखते. ते पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कुठलं त्याचं इथाका आणि कुठली आमची वस्ती! पण परत आलेल्याची ओळख पटवायला म्हातारीच, पाणीही पायांवरच, आणि साक्ष जुन्या जखमेची.

त्या महाकाव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. ओडिसियस घरी पोचतो, शत्रू मारतो, बायको भेटते. आपण समजतो संपलं. पण त्याच रात्री तो बायकोला सांगतो की मला पुन्हा निघायचं आहे. भविष्यवेत्त्यानं बजावलंय, खांद्यावर वल्हं घेऊन चालत जा, जिथली माणसं समुद्र जाणत नाहीत, तुझं वल्हं पाहून धान्य उफणायचं अवजार समजतील, तिथं ते जमिनीत रोव. मगच सुटका. मला नेहमी वाटतं, आमच्या वडलांना कुणी कोयत्याबद्दल असं सांगितलं असतं तर ते कुठवर चालत गेले असते? बीड जिल्ह्यात कोयता न ओळखणारं गाव निघणं अवघड.

रामायणाचंही तेच आहे. राम परत आला एवढ्यावर आपण गुढी उभारतो, पण उत्तरकांडात सीतेला पुन्हा वनात धाडतात. बायकांनी हे विसरू दिलेलं नाही. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांचा आवाजही १९९६ साली त्या संग्रहासाठी ध्वनिमुद्रित झाला. त्यांनी बाबासाहेबांवर गायलं. हा संग्रह चाळताना एक गोष्ट लक्षात येते. मराठीत घरी येण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलली आहे ती बाई, आणि तिनं त्याला घर म्हटलेलं नाही. माहेर म्हटलंय.

माहेर हा फार धूर्त शब्द आहे. त्यात प्रेम आहे, पण मुदतही आहे. पंचमीला लेक येते. तिला आणायला मुराळी गेलेला असतो, ती झोके खेळते, आईच्या हातचं खाते, सगळे तिला जपतात. आणि सगळ्यांना ठाऊक असतं की ती जाणार आहे. तिथं ती घरची असते आणि पाहुणीही. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं तेही नेमकं याच अर्थानं, तिथं कायम राहायचं नसतं. वारी जाते तेव्हा वर्तमानपत्रांत पानंच्या पानं छापून येतात. पौर्णिमेनंतर पालख्या परत फिरतात त्या परतवारीचा फोटो तुम्ही शेवटचा कधी पाहिला?

मी सासरी नांदते, शहरात. तेलगावला उतरते ती माहेरवाशीण म्हणून. चार दिवस, पिशवीत शेंगा, लोणचं, परत. त्यात मला दुःख नाही. परंतु यंदा चौकात तो ट्रॅक्टर बघताना वाटलं की आता पुरुषांसकट आख्खी वस्तीच माहेरवाशीण झाली आहे. सहा महिने मुदत. आल्याबरोबर लग्नं, जत्रा, देवाची कोंबडी-बकरी, घराचं राहिलेलं पत्र्याचं काम, सगळं याच दिवसांत उरकायचं. सगळे एकमेकांना जपून घेतात. आणि न्यायला येणारा ठरलेला. लेकीला माहेरी आणायला मुराळी येतो. आमच्या माणसांना नेण्यासाठी मुकादम येतो. तो तर श्रावणातच उचल वाटायला सुरुवात करतो. लेकरू आजारी, लग्न तोंडावर, बी-भरणाची ओढ. पैसे हातात पडले की निघायची तारीख पक्की. घरी असतानाच माणूस गेलेला असतो.

चित्रपटांना हे दिसत नाही. 'माहेरची साडी' १९९१ साली आला, तेव्हा ट्रॅक्टर भरभरून बाया तो बघायला गेल्या आणि रडून आल्या. आमच्या माय-मावश्याही त्यात होत्या. त्यावर पुण्यामुंबईचे लोक हसत, मला ते हसणं कधी आवडलं नाही. परतण्याचा दुसरा गाजलेला चित्रपट म्हणजे 'स्वदेस', २००४ सालचा. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतला इंजिनिअर गावी परत येतो. ते गाव पडद्यावर उत्तरेतलं असलं तरी चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचं. साताऱ्याच्या त्याच मुलखात आमची माणसं दरसाल ऊस तोडायला जातात. परत येण्याचं स्वप्न जिथं चित्रित झालं, तिथंच आमचे लोक घर सोडून गेलेले. चित्रपट चांगलाच आहे. फक्त परत येणाऱ्याकडं परत जायचं तिकीट असलं की त्याच्या येण्याचं कौतुक होतं, एवढं मी शिकले.

तिकीट नसलं की काय होतं ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदी लागली, कारखाने बंद होत आले आणि लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात, फडाच्या कडेला कोप्यांत अडकले. सरकारनं एप्रिलच्या मध्यावर परवानगी दिली तेव्हा तपासणी करून माणसं निघाली. पोचल्यावर कितीकांना गावाबाहेर, शेतात राहावं लागलं. घर दिसतंय, म्हातारी दारात उभी आहे, मध्ये दोन वावरांचं अंतर. भाकरतुकडा ओवाळायचा कुणावरून? पुढं २०२२ मध्ये उलटंच झालं. ऊस इतका झाला की मराठवाड्यात काही कारखान्यांचा पट्टा पडायला जून उजाडला. मृगाचं आभाळ आलं तरी माणसं फडात.

घरी आल्यावर पहिलं काम मात्र दवाखाना. हंगामात आजारपण परवडत नाही. दिवस बुडाला की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून ताप, कंबर, पाळीचं दुखणं, सगळं पट्टा पडेपर्यंत पुढं ढकलायचं. २०१९ साली सरकारनं विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्या सगळ्या ऊसतोडीच्या नव्हत्या. पण खाडा नको म्हणून पिशवी काढून टाकलेल्या बाया आमच्या वस्तीवरही आहेत, आणि त्यांतली एक माझ्यापेक्षा लहान आहे.

बदल काहीच झाला नाही असं म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आलं. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं करायची योजनाही आली. वसतिगृहाचं मोल मला ठाऊक आहे, कारण मी आजीपाशी राहिले म्हणून शिकले. जिला आजी नव्हती ती माझी मैत्रीण फडात उसाचे वाढे गोळा करत मोठी झाली आणि पुढं कोयता झाली. ही वसतिगृहं दसऱ्याच्या आधी उघडली तर उपयोग. दिवाळीनंतर उघडून काय करणार, तोवर लेकरं ट्रॉलीत बसून घाट चढलेली असतात.

त्या दिवशी चौकातला ट्रॅक्टर गोळे खाऊन निघाला. वळताना दिसलं, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. एका बाईनं लाल लुगड्याची चिंधी बांधली होती तेवढीच. शेगावहून पंढरपूरला जाणारा मोठा रस्ता आता याच चौकातून आणि याच घाटातून जातो. गाड्या वेगात असतात आणि घाट अजून अरुंद आहे. तेव्हा वाचकहो, मार्च-एप्रिलात रात्री या बाजूनं जात असाल तर अंतर ठेवा, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी दिवे खाली करा आणि हॉर्न वाजवू नका. ट्रॉलीत सामानावर लेकरं झोपलेली असतात.