गाळप थांबले, साहाय्य उतरत गेले

धारबांदोड्याच्या दयानंदनगर येथील संजीवनी सहकारी साखर कारखान्यात २०१९-२० च्या हंगामापासून उसाचे गाळप झालेले नाही. तरीही सरकारी तिजोरीतून ऊस उत्पादकांना साहाय्य मिळत राहिले. कारखाना बंद आणि अनुदान चालू, ही स्थिती दूरवरून चमत्कारिक वाटते. सांगे, केपे, धारबांदोडा, सत्तरी व काणकोण तालुक्यांतील ज्यांच्या शेतात ऊस उभा होता, त्यांच्यापुढे मात्र दुसरा मार्गच नव्हता.

सरकारने पाच वर्षांसाठी ठरविलेले हे साहाय्य पहिल्या वर्षी प्रतिटन ३,००० रुपये होते. पुढे दरवर्षी २०० रुपयांनी घटत ते पाचव्या वर्षी २,२०० रुपयांवर यावे, अशी रचना होती. या उतरत्या आकड्यांत दोन अपेक्षा दडलेल्या होत्या. शेतकऱ्याने हळूहळू अन्य पिकांकडे वळावे ही पहिली. तोवर सरकारने कारखान्याचा निकाल लावावा ही दुसरी. आकडे आणि मुदत मात्र पहिलीलाच लावली गेली. दुसरी चुकल्यास कोणाच्याही खात्यातून काही वजा होणार नव्हते.

ऊस हे एका हंगामात सोडून देता येणारे पीक नव्हे. एकदा लागवड केली की तोडणीनंतर खोडवा राखला जातो आणि त्याच बेण्यावर दोन-तीन वर्षे उत्पन्न घेतले जाते. लागवडीचा खर्च तेव्हाच भरून निघतो. शिवाय तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. दयानंदनगरला जाणारा ऊस घाट चढून खानापूरकडे पाठवायचा म्हणजे वाहतूक वाढली, तोडणीच्या टोळीचे वेळापत्रक परक्या कारखान्याच्या हाती गेले. खर्च वर चालला असताना साहाय्य खाली येत होते.

दुसरे पीक घ्या, असे सांगणे सोपे आहे. काजू व सुपारी उत्पन्न देण्यास काही वर्षे घेतात, आणि भाजीपाला वा केळी गवेरेडे, रानडुक्कर व माकडांपासून राखावी लागतात. सांगेतील प्रश्न आणखी वेगळा आहे. साळावली धरणामुळे विस्थापित होऊन वाडे व वालकिणी येथे आलेल्या अनेक कुटुंबांनी नव्या जमिनीत उसावरच संसार उभा केला. त्यांच्यासाठी हे दुसरे स्थलांतर ठरू शकते, यावेळी गाव न सोडता.

राज्याच्या आधारभूत किमतीच्या योजनेशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. २०२३ मध्ये काजूचा दर किलोला १५० रुपये, भाताचा २२ रुपये आणि नारळाचा नगाला १५ रुपये करण्यात आला. बाजारभाव त्याखाली राहिल्यास उरलेली रक्कम सरकार देते. तेथे विक्री आधी होते, सरकार मागाहून येते. उसाच्या बाबतीत राज्यात घेणाराच उरला नाही, त्यामुळे सरकारी रक्कमच बाजार होऊन बसली. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये तर पिकाकडे पाहतच नाहीत. ते जमीन कोणाच्या नावावर आहे हे पाहतात. कूळ, वारस आणि कोमुनिदादीची जमीन कसणारे अशा गुंत्याच्या गोव्यात तीही सरळ वाट नव्हे.

इथेनॉल प्रकल्पाची चर्चा यासाठीच महत्त्वाची आहे. परंतु असा प्रकल्प उभारणारा प्रथम विचारतो, ऊस किती मिळेल? साहाय्य घटत जाईल तसे लहान उत्पादक लागवड सोडतील, आणि एकदा मोडलेला उसाचा मळा पुन्हा उभा करायला बेणे, मजूर व भांडवल सारेच नव्याने लागेल. प्रकल्पाचा निर्णय जितका लांबेल, तितकी त्याच्या विरोधातली आकडेवारी शेतात आपोआप तयार होत जाईल.