मृत समुद्राचं मीठ आणि शब्बाथचा प्लाटा



या वेळचा विषय रुक्ष वाटेल, पण शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत तो आपल्याच स्वयंपाकघरात चालू असतो. म्हणजे आपला प्लाटा, त्याला जोडलेलं शब्बाथचं घड्याळ, आणि दोघांना वीज देणारा एक्स्टेंशन बोर्ड. पंचवीस तास त्यांना कोणी हात लावत नाही. शेजारणीची इस्त्री चालू असते तेव्हा ती स्वतः समोर उभी असते. आपल्याकडे रात्री सगळे झोपतात आणि वीज एकटी जागी राहते.

कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. दिवा कुठे टांगायचा, वात किती वर काढायची, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. ज्योत डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस तिला जपून असतो. प्लास्टिकच्या डबीत एखादा स्क्रू ढिला होऊन तापत असेल तर तो कोणाला दिसतो? जर्मनीत कील शहरात विमा कंपन्यांची एक संस्था जळलेल्या घरांची तपासणी करून आगीचं कारण शोधते. तिच्या हिशेबाने सुमारे एक-तृतीयांश आगी विजेमुळे लागतात.

प्लास्टिक बहुतेक खनिज तेलापासून बनतं, आणि पेटलं की तेलाच्याच जातीवर जातं. म्हणून विजेच्या वस्तूंच्या प्लास्टिकमध्ये ज्वालारोधक पदार्थ मिसळतात. मुलांनो, इथे एक गंमत लक्षात घ्या. प्लास्टिकचा तुकडा सरळ जळत नाही. तो आधी तापतो, त्यातून वायू निघतो, आणि तो वायू जळतो. मेणबत्तीचंही तसंच. तेव्हा आग मोडायची तर एक तर ज्योतीतच खोडा घालायचा, नाही तर वायू बाहेर पडण्याची वाट बंद करायची.

ज्योतीत खोडा घालतो तो ब्रोमीन. आग पुढे नेणारे जे अतिसूक्ष्म कण ज्योतीत धावत असतात त्यांना तो पकडतो. वाट बंद करतो तो फॉस्फरस. प्लास्टिकच्या अंगावर तो कोळशाचा पापुद्रा चढवतो, करपलेल्या भाकरीसारखा, आणि आतला भाग वाचतो. तिसरा उपाय साधा आहे. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड नावाची पांढरी पूड २०० अंशांच्या आसपास तापली की स्वतःतलं पाणी सोडते. तिच्या वजनाचा एक-तृतीयांश भाग पाणीच असतं. बव्हेरियातल्या श्वानडॉर्फला आणि कोलोनजवळच्या बेर्गहाइमला ती बनवण्याची परंपरा आहे. पण ती मिसळावी लागते खूप, आणि प्लास्टिक कडक होऊन मोडायला लागतं. म्हणून ती जास्त करून वायरींच्या आवरणात.

पहिल्या दोघांचा जन्म जर्मनीतलाच म्हणायचा. १६६९ साली हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं मिळेल या आशेने माणसाचं मूत्र आटवलं. (हसू नका, खरं आहे!) सोनं मिळालं नाही, अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. पुढे १८२५ साली कार्ल ल्योविग या तरुणाने आपल्या क्रॉइत्सनाख गावच्या खाऱ्या झऱ्यातून ब्रोमीन काढला. पण १८२६ मध्ये बालार नावाच्या फ्रेंच माणसाने आधी छापलं आणि मान त्याला गेला.

खरा ब्रोमीनचा खजिना मात्र आपल्याकडे. साध्या समुद्राच्या एका लीटर पाण्यात तो सुमारे ६५ मिलिग्रॅम असतो, आपल्या याम हामेलाखमध्ये सुमारे ५ ग्रॅम! स्दोमला तो पाण्यातून काढायचा आणि बेरशेबाच्या दक्षिणेला रामात होवावला त्याची संयुगं करायची, असा तो कारभार. जगभरच्या कितीतरी टीव्हींच्या पाठीत आपल्या मृत समुद्राचं मीठ बसलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

पण जर्मन लोकांनी एक अवघड प्रश्न विचारला: हे प्लास्टिक जळलंच तर त्याच्या धुरात काय असतं? बायरॉइथ विद्यापीठात ऑटो हुत्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवलं, की ब्रोमीनची काही संयुगं तापवली की डायॉक्सिनच्या भावंडांसारखी विषं तयार होतात. जर्मन कारखानदारांनी कायद्याची वाट न पाहता ती संयुगं सोडायला सुरुवात केली. ‘ब्लाउअर एंगल’, म्हणजे १९७८ पासूनचं निळ्या देवदूताचं पर्यावरण-चिन्ह, त्यानेही छपाईयंत्रांच्या आणि संगणकांच्या कवचात ब्रोमीन-क्लोरीन नको म्हटलं. १ जुलै २००६ पासून युरोपभर त्यातल्या दोन गटांवर बंदी आली, आणि १ मार्च २०२१ पासून टीव्हीच्या पडद्याच्या कवचात आणि स्टँडमध्ये ब्रोमीन-क्लोरीनचे सगळेच ज्वालारोधक बंद झाले. आतल्या हिरव्या सर्किट-पट्टीत ब्रोमीन अजून सर्रास असतो, पण तिथे तो प्लास्टिकशी रासायनिक गाठीने बांधलेला असतो. कवचाचं काम आता बरंचसं फॉस्फरस करतो. कोलोनजवळ क्नाप्साकला त्याचे ज्वालारोधक बनतात.

मधल्या काळात एक गोष्ट बिघडली, ती सांगायला हवी. १९९० नंतरच्या दशकात युरोपात काही टीव्हींचं कवच काहीही न मिसळलेल्या प्लास्टिकचं येऊ लागलं. विष टळलं, पण कवच एका मेणबत्तीने पेटू शकत होतं. मग बाहेरची मेणबत्ती पडली तरी टीव्ही पेटता कामा नये, यावर मानकवाल्यांची वर्षानुवर्षं चर्चा झाली. माझ्या मते औषध वाईट निघालं म्हणून औषधच बंद करणं चूक होतं. दुसरं शोधणंच बरोबर होतं.

आता प्लाट्याकडे. तपासणीत एक तारेचं वेटोळं लाल तापवून प्लास्टिकला ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ज्योत ३० सेकंदांत विझली पाहिजे. माणूस समोर असताना वापरायच्या उपकरणात, जिथे वीजजोड बसलेले असतात त्या प्लास्टिकसाठी तार साधारण ७५० अंशांवर असते. एकटं सोडायच्या उपकरणासाठी ८५०. म्हणून प्लाटा आणि घड्याळ रात्रभर चालवण्यासाठीच बनवलेलं घ्या. त्रिकोणातलं व्हीडीई किंवा चौकटीतलं जीएस हे चिन्ह बघा. ते बाहेरच्या तपासणीनंतर मिळतं. सीई हे मात्र कारखानदाराचं स्वतःचंच म्हणणं आहे. घड्याळावर किती वॅट लिहिलेत ते वाचा, आणि एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका. प्लग हाताला गरम लागला, पिवळा पडला, किंवा माशासारखा वास आला, तर आजोबा, त्याला टेप लावत बसू नका, बदला. ज्वालारोधक प्लास्टिक आपल्याला उठून बाहेर पडायला थोडी मिनिटं देतं, तेवढंच त्याचं काम. दिवे, यार्त्साइटची मेणबत्ती आणि हनुकीया टीव्हीपासून दूर, धातूच्या ताटात ठेवा.

मुलांसाठी एक. जुन्या काळ्या कवचांचं प्लास्टिक वितळवून कोणी खेळणी करतं, आणि नको ते पदार्थ त्यांत येतात. २०१७ साली अर्निका या झेक संस्थेने बऱ्याच देशांतले फिरवायचे रंगीत ठोकळे तपासले, तेव्हा त्यांत ही जुनी ब्रोमीन संयुगं सापडली. म्हणून जुना टीव्ही किंवा चार्जर कचऱ्यात टाकू नका. जर्मनीत २५ सेंटिमीटरपर्यंतची छोटी उपकरणं मोठी विजेची दुकानं परत घेतात, आणि १ जुलै २०२२ पासून मोठी किराणा दुकानंही, जी अशा वस्तू विकतात. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. काउंटरवर नुसतं विचारायचं.