शितावरून भाताची परीक्षा

सप्टेंबर आला की अमेरिकेत एनएफएलचा सीझन सुरू होतो. आणि पहिल्या आठवड्याच्या मॅचेस संपल्या रे संपल्या की निकालपत्रं वाटायला सुरुवात! हा क्वार्टरबॅक संपला, तो यंदाचा एमव्हीपी, त्या तिसऱ्याला बाहेर बसवा. अरे, जरा दम धरा की!

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: जवळपास प्रत्येक चालीत बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, बॉल कुणाकडे फेकायचा. त्यामुळे जिंकलं तर हार त्याच्या गळ्यात, हरलं तर खापरही त्याच्याच डोक्यावर.

आता २०२१ चा पहिला आठवडा बघा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सने ग्रीन बे पॅकर्सला ३८-३ असं धुतलं. पॅकर्सचा अ‍ॅरन रॉजर्स: १३३ यार्ड, २ इंटरसेप्शन, टचडाउन शून्य. सेंट्सचा जेमिस विन्स्टन: ५ टचडाउन. रॉजर्सचं वय झालं, अशी चर्चा लगेच सुरू. पुढे काय झालं? विन्स्टनचा सीझन ऑक्टोबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने संपला आणि एमव्हीपी झाला रॉजर्स.

हे एकटं उदाहरण नाही. २००३ मध्ये टॉम ब्रेडीने पहिल्याच मॅचमध्ये ४ इंटरसेप्शन दिले आणि पेट्रियट्स बफेलो बिल्सकडून ३१-० हरले. त्याच सीझनच्या शेवटच्या साखळी सामन्यात पेट्रियट्सनी बिल्सना बरोब्बर ३१-० नेच हरवलं आणि पुढे सुपर बोलही जिंकला. उलट २०१८ मध्ये टँपा बेच्या रायन फिट्झपॅट्रिकने पहिल्या मॅचला ४१७ यार्ड फेकून सेंट्सना ४८-४० हरवलं. सीझनअखेर टँपा बेचा हिशोब: ५ विजय, ११ पराभव.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत हे सॅम्पलिंग. पण ते चालतं कधी? सगळ्या भाताला सारखी आच लागलेली असते तेव्हा. पहिल्या आठवड्यात तर पाण्याला आधणही आलेलं नसतं. सरावाच्या मॅचेसमध्ये मुख्य खेळाडूंना बरेचदा जपून ठेवतात, त्यामुळे क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण आणि बॉल झेलणारे नीट जुळलेले नसतात. बरं, १७ पैकी ही एकच मॅच, म्हणजे जेमतेम सहा टक्के. नव्या सॉफ्टवेअरची एकच टेस्ट चालवून कुणी ते पास करत नाही, आणि फेकूनही देत नाही.

आपण प्रेक्षक काय, बोलून मोकळे. पण यात लोकांच्या नोकऱ्या जातात हो! २०१७ मध्ये ह्यूस्टनने टॉम सॅव्हेजला पहिल्या मॅचच्या हाफ टाइमलाच बाहेर बसवलं. त्याला वाचवणारी फळी पार कोसळली होती, तरी बळी गेला तो याचा. त्याच्या जागी आलेला डेशॉन वॉटसन नोव्हेंबरमध्ये जखमी झाला, तेव्हा पुन्हा सॅव्हेजलाच उभं करावं लागलं!

मग पहिला आठवडा फुकटच का? तसंही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याची नोंद जुन्या खात्यात करा, नवी वही उघडू नका. रॉजर्स आधीच्याच वर्षीचा एमव्हीपी होता. एका पराभवाने ते खातं बुडत नाही. याउलट बफेलोचा नेथन पीटरमन. २०१७ मध्ये त्याने एका हाफमध्ये ५ इंटरसेप्शन दिले होते. २०१८ च्या पहिल्या मॅचला १८ पैकी ५ पास पूर्ण, २४ यार्ड, रेटिंग चक्क शून्य. इथे शीत आणि भात दोन्ही एकच सांगत होते, म्हणून त्याला बसवणं योग्यच.

त्याच्या जागी आलेल्या जॉश अ‍ॅलनचेही त्या वर्षी फक्त ५२.८ टक्के पास पूर्ण झाले. म्हणजे तोही नापासच म्हणायचा! पण बफेलोने या वेळी धीर धरला, आणि २०२४ च्या सीझनचा एमव्हीपी कोण? हाच अ‍ॅलन.

तेव्हा पुढच्या सप्टेंबरात कुणी पहिल्याच सोमवारी 'हा संपला' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: आधीच्या मॅचेस बघितल्यास का?