चिक्की चिवट का होते?

संक्रांत जवळ आली की घरोघरी दाणे भाजल्याचा खमंग वास दरवळू लागतो. तिळाचे लाडू बहुतेक जणींना साधतात, पण चिक्कीचं नाव काढलं की "नको बाई, त्यापेक्षा लोणावळ्याची आणू" असं म्हणणाऱ्याही पुष्कळ! कुणाची चिक्की दाताला चिकटते, कुणाची कडू होते. मैत्रिणींनो, दोष तुमच्या हाताचा नाही. सारी मेख पाकात आहे.

साहित्य : भाजून, सोलून, पाकळ्या केलेले शेंगदाणे 2 वाट्या, बारीक चिरलेला चिक्कीचा गूळ दीड वाटी, साजूक तूप 2 चमचे, खायचा सोडा चिमूटभर.

पूर्वतयारी : दाणे मंद आचेवर सावकाश भाजा, नाहीतर आत कच्चे राहतात. काळपट, सुरकुतलेले दाणे आधीच निवडून टाका. बुरशी लागलेले दाणे तर प्रकृतीलाही घातक. गूळ वाण्याकडून 'चिक्कीचा' म्हणूनच मागून घ्या. तो चिकट असतो. साध्या गुळाचा पाक रवाळ होण्याचा संभव असतो. पोळपाट, लाटणं आणि सुरी यांना तुपाचा हात लावून ठेवा. पाक झाल्यावर तूप शोधायला सवड मिळत नाही!

कृती : जाड बुडाच्या कढईत 1 चमचा तूप आणि गूळ घालून मध्यम आचेवर गूळ विरघळू द्या. फेस आला की आच मंद करा आणि सतत ढवळत राहा. आता वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब त्यात टाका. थेंबाची मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक. चिक्कीला तो चालत नाही. आणखी थोडा वेळ ढवळून पुन्हा थेंब टाका. पाण्यातली गोळी बोटांनी मोडल्यावर काचेसारखी 'कट्' मोडली आणि ताटलीवर टाकल्यावर 'टण्' वाजली, की गॅस बंद करा. सोडा घालून भरभर ढवळा, लगेच दाणे घाला आणि मिश्रण पोळपाटावर ओतून लाटा. गरम असतानाच सुरीने रेघा पाडा. निवल्यावर वड्या आपोआप सुटतात.

असं का? पाकात जितकं पाणी उरेल तितकी चिक्की चिवट. साखरेच्या पाकाचं उदाहरण घ्या. मऊ गोळी साधारण 115 अंश सेल्सिअसला होते. कडक पाकाला 150 अंशांच्या आसपास जावं लागतं, तेव्हा कुठे जवळजवळ सगळं पाणी उडून जातं. पण कडक पाक आणि करपलेला पाक यांत अंतर फार थोडं. म्हणून त्या वेळी दारावरची घंटा वाजली तरी आधी गॅस बंद, मग दार!

सोड्याने पाकात बारीक बुडबुडे होतात आणि चिक्की हलकी, खुसखुशीत होते. जास्त घातलात तर मात्र चव बिघडते.

एवढं करूनही चिक्की चिवट झालीच, तर टाकू नका. चमचाभर पाणी घालून मंद आचेवर पुन्हा वितळवा आणि पाक कडक होऊ द्या. करपलेल्या पाकाला मात्र उपाय नाही.

जपा : हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. चटका बसलाच तर ती जागा लगेच नळाच्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड मोठे आले तर डॉक्टरांना दाखवा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या दाण्यांची चिक्की देऊ नका, दाणा घशात अडकण्याची भीती असते. त्यांच्यासाठी दाण्याच्या बारीक कुटाचा मऊ लाडू वळा.

चिक्की पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दमट हवा लागली की ती पाणी ओढून मऊ पडते, म्हणून पावसाळ्यात थोडी थोडीच करा. एकदा तो 'टण्' आवाज कानात बसला, की मग कुठलंही माप चालेल!