लांब तारेवरील खोटा आरोप

धाराशिव जिल्ह्यात घरोघरी फायबरची जोडणी येऊ लागल्यापासून एक मत मोठ्या अधिकारवाणीने सांगितले जात आहे, आणि त्यावर विसंबून लोक चांगल्या तारा तोडून आखूड करीत आहेत. म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे. राउटरपासून संगणकापर्यंतची केबल जितकी लांब तितके इंटरनेट मंद, सबब राउटर दाराशीच टांगावा, हा या पक्षाचा दावा. आणि पुरावा काय, तर कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचत नाही!

हा दाखलाच मुळात नामंजूर करावा लागतो. पाणी वाटेत झिरपते व उरलेले पुढे जाते. केबलीतील वेगाचे तसे होत नाही. दोन्ही टोकांची यंत्रे 10, 100 अथवा 1000 मेगाबिट अशी ठरावीक पायरी आपसांत मुक्रर करतात, आणि 1999 साली निश्चित झालेल्या गिगाबिटच्या मानकानुसार योग्य दर्जाच्या तांब्याच्या केबलीवर ही 1000 ची पायरी पाच मीटरवर जितकी हक्काची, तितकीच शंभर मीटरवरही हक्काची असते. राहता राहिला विलंब: तांब्यातून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तीस मीटरला त्यास सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी अवघा दीड भाग लागतो. एवढ्यासाठी तार तोडणाऱ्याने परंड्याच्या किल्ल्याला एक प्रदक्षिणा घालावी, घरातली सर्वांत लांब भिंत मोजावी, आणि मग शंभर मीटर म्हणजे किती हे सांगावे.

या भ्रमाचा उगम मात्र खरा आहे. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड मिळे तेव्हा एक्स्चेंजपासून दूर राहणाऱ्याचा वेग खरोखर घटे. आणि 1858 च्या अटलांटिक केबलीवरून राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश जाण्यास सुमारे सोळा तास लागले होते. परंतु ते अंतर मैलांचे होते, माजघराचे नव्हे.

वेग जातो तो अन्यत्र. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल, शंभर मेगाबिटवर थांबणारा जुना पोर्ट, वा कनेक्टर बसवताना आठांपैकी एखादी तार सुटली की गिगाबिटची जोडणी बहुधा शंभरावर उतरते. आणि दोष लांबीच्या माथी मारला जातो.

तेव्हा तुळजापूर असो वा उमरगा, वाचकांनी शुद्ध तांब्याची केबल घ्यावी, कनेक्टर जाणत्याकडून बसवून घ्यावेत, आणि तार दारापासून थेट मुलांच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंत निर्धास्त ओढावी. वेग कमी वाटला तर प्रथम कनेक्टर तपासावा. कात्री उचलू नये.