लस पिंजऱ्यात, रोग नदीत

फुरुंक्युलोसिस या रोगाने नॉर्वेच्या नद्यांत जे घडवले, त्याची मोजदाद मत्स्यशेतीच्या नफ्यातोट्यात करणे अपुरे ठरेल. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सॅल्मनच्या पिलांबरोबर ‘एरोमोनास साल्मोनिसिडा’ हा जिवाणू तेथील मत्स्यशेतीत शिरला, पिंजऱ्यांतून निसटलेल्या माशांनी तो नद्यांत पोहोचवला आणि १९९२ पर्यंत सत्तरहून अधिक नद्यांत त्याची नोंद झाली. स्नायूंत उठणारी गळवे ही रेंगाळलेल्या आजाराची खूण होय. तीव्र स्वरूपात जिवाणू रक्तात भिनून मासा अंगावर फारसे लक्षण न दिसताच मरतो, तर काही मासे वरवर निरोगी राहून रोग वाहत नेतात.

अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणारा सॅल्मन नदीत शिरताच खाणे सोडतो, आणि उन्हाळ्यात पाणी उतरून तापले की हे मासे धबधब्याखालच्या डोहांत दाटीने अडकून पडतात. उपासाने व प्रवासाने खचलेल्या अशा थव्यात रोगाला आवर राहत नाही. मादी मरते ती पोटातील अंड्यांसह. प्रतिजैविके खाद्यातून दिली जातात, त्यामुळे न खाणाऱ्या माशापुढे तो उपायही खुंटतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेलयुक्त लशी आल्या आणि १९८७ मध्ये सुमारे ५० टनांवर गेलेला प्रतिजैविकांचा वापर झपाट्याने घसरला. हे यश मोठे खरे, पण ते पिंजऱ्यापुरते, कारण नदीतील माशाला सुई टोचणार कोण?

खेद याचा की, जिवंत माशांच्या ने-आणीतून हा रोग पसरतो हे अर्धशतक आधीच ठाऊक होते: ब्रिटनने १९२९ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि १९३७ च्या मत्स्यरोग कायद्याने आयातीवर निर्बंध घातले. एरोमोनास साल्मोनिसिडा प्रामुख्याने थंड पाण्यातील माशांना ग्रासत असला, तरी त्याचाच भाऊबंद ‘एरोमोनास हायड्रोफिला’ रोहू-कटल्यांना व्रण आणतो. महाराष्ट्रातील जलाशयांत बोटुकली सोडताना तिची संख्या आणि आकार पाहिला जातो; त्याबरोबरच सोडण्यापूर्वी तिला काही काळ वेगळे ठेवणे, नमुन्यांची जिवाणूतपासणी करणे आणि तिचा दाखला मागणे मत्स्यव्यवसाय विभागाने सक्तीचे करावे.