आंबोलीच्या सड्यावरचा भेक

बेट म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावरही बेटे आहेत. जांभ्या दगडाचे उघडे पठार, ज्याला कोकणात सडा म्हणतात, त्याच्या भोवती पाण्याऐवजी जंगल असते. उन्हाळ्यात काळाठिक्कर पडणारा हा सडा अनेकांना पडीक जमीन वाटतो. या महिन्यात आपण त्या ‘पडीक’ जमिनीवरच्या एका रहिवाशाची ओळख करून घेऊ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीत जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा एक भेक राहतो. खरबरीत कातडीच्या बेडकाला भेक म्हणतात. याच्या अंगावर पिवळी नक्षी असते. पहिल्या पावसात सड्यावरच्या खळग्यांत उथळ पाणी साचले की नर साद घालतात आणि मादी तिथेच अंडी घालते. पाणी आटण्याआधी पिल्लांना शेपटी टाकून बाहेर पडावे लागते.

याची जातकुळी ठरायला वेळ लागला. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या परिसरातील अशाच एका भेकाची नोंद केली आणि त्याला ‘बुफो’ या मोठ्या गटात बसवले. पुढे शरीररचनेबरोबर डीएनएही तपासला, तेव्हा कोयनेचा भेक वेगळ्याच शाखेचा निघाला. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी ‘झँथोफ्रायनी’, म्हणजे पिवळा भेक, अशी नवी जातकुळी मांडली. त्यात कोयनेचा ‘कोयनायेन्सिस’ आला आणि आंबोलीचा नवा ‘टायगेरिना’. जातकुळीत सदस्य दोनच, आणि दोघेही सह्याद्रीचे!

म्हणून वर्गीकरण म्हणजे केवळ अवघड नावे पाठ करणे नव्हे. याला साधा बेडूक समजलो असतो, तर ‘एक गेला, दुसरीकडे असतीलच’ असे म्हणून मोकळे झालो असतो. आता कळते की आंबोलीचा भेक गेला तर निम्मी जातकुळी गेली. जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. खाणकाम आणि रस्त्यावरची वाहने हे त्याचे मोठे धोके.

आपल्या डोंबिवलीतून पावसाळ्यात कितीतरी कुटुंबे आंबोलीचा धबधबा पाहायला जातात, काही जण त्याच वाटेने गावीही जातात. तेव्हा एवढे करू या: रात्री घाटमाथ्यावर गाडी हळू चालवू, सड्यावर गाडी घालणार नाही, आणि मुलांना खळग्यातले पाणी दाखवू, पण त्यात पाय घालू देणार नाही. ते कुणाचे तरी घर आहे.